हलका पाय

जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं आणि अप्पांनी गाडीची किल्ली जावयासमोर सरकवली.

"जावईबापू, एखादं चांगलं गिऱ्हाईक बघा," ते म्हणाले. "गाडी काढून टाकायची."

जावई म्हणजे डिझेल गाड्यांचा मेकॅनिक. टर्बोच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि त्याने हात लावलेली गाडी जोर धरताना बारीक शिट्टी मारत जाते म्हणून लोक त्याला शिट्टीमास्तर म्हणायचे. नाव त्याला आवडायचं. आपल्याला लोक नावाने नाही, टोपणनावाने ओळखतात, म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं मानणाऱ्यांपैकी तो होता.

"गाडी काढायची? का हो अप्पा?" मास्तरने विचारलं.

"ते काय सांगणार, मी सांगते," त्याची बायको म्हणाली. अप्पांची ती थोरली लेक, आणि आवाज चढवल्याशिवाय तिला काही सांगताच येत नसे. "काल मावशीकडून परत येत होतो. पाण्याच्या टाकीचा चढ लागला. पुढे सिमेंटचा ट्रक, मुंगीच्या पावलांनी चाललेला. अप्पांनी गाडी बाहेर काढली. समोरून बस येतेय, लांब आहे, आरामात जाऊ एवढी लांब. आणि गाडी पुढे सरकेचना! ट्रकच्या बाजूला आम्ही लटकलेलो. शेवटी बसवाल्यानेच बस खाली चिखलात घातली. जाताना खिडकीतून डोकं काढून काय ओरडला माहितेय? आजोबा, घरी बसा, लोकांच्या जिवावर का उठलाय!"

"आणि तू काय बोललीस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मीही बोलले. पोर मागे रडत होती. म्हटलं, अप्पा, पुरे झालं आता. वय झालं तुमचं."

अप्पा ऐकत होते. सगळी नोकरी त्यांनी रुग्णवाहिका चालवण्यात घालवली होती. मागे झोपलेल्या माणसाला खड्डा कळू द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणाचं पोट दुखलं, कुणी पडलं-झडलं, तर लोक आधी अप्पांचं दार ठोठावत आणि मग डॉक्टरला फोन करत.

"गाडीचा काही दोष नाही," अप्पा म्हणाले. "गाडी तर आत्ताच तुमच्या हाताखालून गेलीय. माझाच पाय गेला. मला महिनाभर कळतंय ते. टाकी लवकर रिकामी होते. चढाला पूर्वी गिअर बदलावा लागत नव्हता, आता दोनदोनदा बदलतो, तरी दम नाही. पाय जड झाला की गाडी तेल पिते, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. ठीक आहे. कधीतरी व्हायचंच होतं."

मास्तरने नजर किल्लीकडे वळवली. कारण अप्पांचा पाय कुठेही गेलेला नव्हता. गेला होता तो गाडीतला टर्बो, आणि तो कुठे गेला हे जगात एकट्या मास्तरला ठाऊक होतं.

झालं होतं असं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारं चक्र. ते फिरलं की इंजिनात जास्त हवा कोंबली जाते आणि गाडीला जोर येतो. लहान चक्र जरा फुंकर मारली तरी फिरतं, पण मोठ्या वेगाला त्याला धाप लागते. मोठं चक्र वेगात राक्षसासारखं ओढतं, पण धूर कमी असला तर ते झोपलेलंच. आणि तिसरा प्रकार हुशार: चक्राभोवती बारीक पाती असतात, धूर कमी असला की ती वाट अरुंद करतात, वाढला की मोकळी करतात. त्यामुळे हलक्या पायालाही जोर मिळतो आणि तेलही वाचतं. अप्पांच्या गाडीत हा तिसरा होता. गाडी घेताना मास्तरनेच तो बघून घ्यायला लावली होती. "अप्पा, तुमच्या पायाला हाच," असं म्हणाला होता.

या हुशार टर्बोची एकच खोड. सतत हळू चालवलं की पात्यांवर काजळी बसते आणि ती अडकतात. अप्पांची अडकली. गाडी गॅरेजमध्ये आली, मास्तरने टर्बो उतरवला, पात्यांवरची काजळी उकरली, धुतलं, एकेक पातं बोटाने हलवून पाहिलं. लोण्यासारखं फिरत होतं. बसवायचंच काय ते बाकी होतं, तेवढ्यात टॅक्सीवाला शेठ दारात येऊन ओरडायला लागला. त्याची गाडी त्याच बनावटीची, टर्बो पार मोडलेला, नवा यायला वेळ, आणि दुसऱ्या दिवशी तिचं लांबचं भाडं ठरलेलं. गॅरेजचा एक नियम असतो, कुठे लिहिलेला नसतो: घरचा माणूस थांबतो, गिऱ्हाईक थांबत नाही. मास्तरने अप्पांचा धुतलेला टर्बो उचलला आणि शेठच्या गाडीत बसवला.

अप्पांच्या गाडीसाठी नवा मागवता आला असता. पण फळीवर एक मोठा टर्बो पडून होता, कुणा हौशी पोराच्या जीपमधून उतरवलेला. मास्तरला वाटलं, सासऱ्याला आणखी दणकट वस्तू देऊ. पाइप वाकवले, गाडीच्या कॉम्प्युटरची समजूत घातली, आणि हायवेवर जाऊन गाडी दामटून पाहिली. गाडी उधळली. शिट्टी तर अशी वाजली की मास्तर खूश. चूक झाली ती इथे. गाडी अप्पांची, आणि तपासली त्याने स्वतःच्या पायाने. त्याचा पाय म्हणजे हातोडा. एवढी वर्षं या धंद्यात घालवून त्याला हे सुचू नये!

"साफ केलात ना टर्बो?" गाडी घ्यायला आल्यावर अप्पांनी विचारलं होतं.

"चकाचक," मास्तर म्हणाला होता.

तो शब्द आता जेवणाच्या टेबलावर त्याला आठवला आणि कान गरम झाले. बोलायला हवं होतं. इथेच, आत्ताच. पण बायको त्याच्याकडे बघत होती, सासूबाई बघत होत्या, आणि अप्पा तर असे शांत बसले होते की ती शांतता मोडायला छाती लागली असती. त्याने किल्ली उचलली.

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन तो पाण्याच्या टाकीच्या चढाला गेला. बूट काढून बाजूला ठेवले, नुसत्या पायमोज्यांनी चालवायला बसला. अप्पांसारखं चालवायचं म्हणजे पाय हलका हवा. गिअर लवकर वर टाकले, पेडलवर अंगठ्याचा भार तेवढा ठेवला. चढ सुरू झाला आणि गाडी मेल्यासारखी झाली. शेजारून चढणाऱ्या सायकलवाल्याने वळून पाहिलं, त्याला बहुधा कीव आली असावी. मास्तरने पेडल दाबलं. काही नाही. आणखी दाबलं. काही नाही. मग एकदम, नको तेव्हा, सगळा जोर एकाच वेळी आला, उशिरा आलेला पाहुणा दारातूनच जेवायला वाढा म्हणतो तसा. मागे आरशात काळा धूर दिसला.

त्याने गाडी कडेला घेतली. पेडल दाबणं आणि जोर येणं यांच्यामध्ये जो रिकामा वेळ होता, त्या वेळात समोरून बस येत होती. मागे त्याची स्वतःची मुलगी बसली होती. आणि तो वेळ संपेपर्यंत अप्पांनी काय ठरवलं? की आपलाच पाय गेला. जावयावर संशयसुद्धा घेतला नाही. मास्तरला स्टिअरिंगवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण सायकलवाला अजून बघत होता.

तिथून तो थेट टॅक्सीवाल्या शेठकडे गेला, आपला टर्बो परत मागायला. शेठने त्याला सगळ्या ड्रायव्हरांसमोर मिठी मारली. "हे बघा, शिट्टीमास्तर! याच्यासारखा माणूस नाही. गाडी कशी उचलते बघा, आणि तेल? तेल नुसतं हुंगते!" ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. मास्तर हसला, चहा प्यायला आणि काही न मागता परत आला. नवा टर्बो मागवला. तो यायला वेळ लागणार होता.

त्या दिवसांत अप्पा बाजारात पायी जाऊ लागले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना चालवत नसे, म्हणून त्यांचं बहिणीकडे जाणं बंद झालं. बायको रोज माहेरी जाऊन यायची आणि आल्यावर घरात भांडी आपटायची.

एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. "अहो, मी अप्पांना बोलले ते बरोबरच बोलले ना? पोर गाडीत होती. बोलायलाच हवं होतं ना कुणीतरी?"

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. एवढी तोंडाळ बाई, आणि प्रश्न किती हळू विचारला होता.

"बरोबरच बोललीस," तो म्हणाला.

तिने सुस्कारा सोडला आणि पुन्हा घड्या घालू लागली. मास्तर उठून मोरीत गेला, उगाच हात धुतले. आपण किती नीच आहोत हे माणसाला असं स्वच्छ दिसावं, अशी वेळ शत्रूवरही येऊ नये.

टर्बो आला. मास्तरने गॅरेजचं शटर अर्धं ओढून स्वतःच्या हाताने तो बसवला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पुन्हा बूट काढून चढाला गेला. अंगठा टेकवला आणि गाडी निघाली, सहज, न कुरकुरता, शिट्टी नाही की धूर नाही. त्याला आनंद झाला. आणि त्या आनंदात त्याने एक पळपुटा बेत केला. कशाला बोलायचं? गाडी द्यायची, अप्पांना एक फेरी मारायला लावायची. गाडी चालेल, अप्पांना वाटेल पाय परत आला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन सासुरवाडीला गेला. बायको आधीच तिथे होती, आईचे गुडघे चोळत.

"अप्पा, सर्व्हिस केलीय," तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधी तुम्ही एकदा चालवून बघा."

"मी कशाला? तुम्ही बघितलीत ना."

"तरी पण. एक चक्कर. मी बसतो शेजारी."

"नको," अप्पा म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी उघडली. "एकदा सोडलं ते सोडलं."

मास्तरने आणखी दोनदा आग्रह केला. अप्पा हसले, मान हलवली. बेत तिथेच गळून पडला, आणि तेवढ्यात दार वाजलं. शेजारचा शिंपी होता, गळ्यात मोजपट्टी तशीच. "अप्पा, आई न्हाणीत पडली. कमरेला लागलंय. हलवलं की ओरडते. चला ना."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. सवयच होती ती. मग पुन्हा बसले.

"मी आता चालवत नाही रे," ते म्हणाले. ते बोलताना त्यांनी शिंप्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

शिंपी गोंधळला. मास्तर म्हणाला, "चला, मी नेतो." म्हातारीला त्यांनी मागच्या सीटवर आडवं केलं. मास्तरने फार जपून चालवली, म्हणजे त्याच्या मते जपून. पण प्रत्येक गिअरला गाडी हिसका द्यायची आणि प्रत्येक हिसक्याला म्हातारी कण्हायची. हातोड्याला मोरपीस हो म्हटलं तर तो होतो थोडाच! "अप्पा असते तर," शिंपी म्हणाला, मग आपण काय बोललो ते कळून गप्प झाला. दवाखान्यात उतरवेपर्यंत मास्तरचा सदरा पाठीला चिकटला होता.

परत आला तेव्हा अप्पा त्याच खुर्चीत, तेच पान धरून बसले होते. ते वाचत नव्हते हे कुणालाही कळलं असतं.

"हाड मोडलेलं नाही," मास्तर म्हणाला. आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं. थांबला असता तर पुन्हा कधीच बोलला नसता. "अप्पा, तुमचा पाय गेलेला नाही. तुमचा टर्बो मी दुसऱ्याच्या गाडीत बसवला. तुमच्या गाडीत मोठा घातला, पडून होता तो. हलक्या पायाला तो उठतच नाही. त्या दिवशी चढावर गाडीने ओढलं नाही, ती माझी करणी. परवा नवा बसवला. तुमचं काही चुकलेलं नाही."

अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. ते उठले, जवळ आले, आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलंस का गं?" ते सासूबाईंना म्हणाले. "म्हाताऱ्याचं मन राखायला पोरगा सगळं आपल्या अंगावर घेतोय. एवढा नावाजलेला कारागीर, आणि म्हणतो मी चुकलो." त्यांचा आवाज भरून आला. "जावईबापू, तुम्ही म्हणालात यातच सगळं आलं. पण मला कळतं हो. मी काही लहान नाही."

"अप्पा, खरं सांगतोय मी!"

"हो, हो. खरंच आहे." अप्पांनी त्याचा खांदा थोपटला.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मास्तर थोपटून घेत उभा होता. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं. शिवी खाता येते, मार खाता येतो. हे कौतुक त्याला गिळता येईना आणि थुंकताही येईना. आणि त्याच वेळी एक चोरटा विचारही डोक्यात येऊन गेला, की आपण सांगितलं, ते मानत नाहीत, आता आपण सुटलो. त्या विचाराची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बायको तेलाची वाटी खाली ठेवून उठली. ती नवऱ्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चढला नाही. "हे खरं बोलतायत. मी ओळखते यांना. दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेण्याइतके हे मोठे नाहीत."

अप्पांचा हात खांद्यावर थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे. मास्तरने मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेनेच अप्पांची खात्री पटली.

"टर्बो चकाचक म्हणाला होतात तुम्ही," अप्पा म्हणाले.

"हो."

"आणि त्या दिवशी जेवताना? मी सगळं सांगत होतो तेव्हा? तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा?" बायको म्हणाली. "बरोबरच बोललीस म्हणालात मला."

अप्पांनी खांद्यावरचा हात काढून घेतला, झटकला नाही, नुसता काढून घेतला. खुंटीवरचा लांबचा चष्मा घातला आणि चपला पायात सरकवल्या.

"चला," ते म्हणाले. "बघू."

अप्पा चालवायला बसले. बायको मागे बसली, पार दुसऱ्या दाराला चिकटून. मास्तरही मागेच बसला. शेजारच्या सीटवर बसायचं धाडस त्याला झालं नाही. गल्ली, मोठा रस्ता, मग पाण्याच्या टाकीचा चढ. अप्पांचा पाय पेडलवर टेकला होता की नाही हेही कळत नव्हतं, आणि गाडी चढ चढत होती, एका गिअरवर, पाण्याने भरलेला पेला ठेवला असता तर डचमळला नसता अशी. मास्तरला रडू येईल असं वाटलं. हा पाय त्याने म्हातारा ठरवला होता.

वळणानंतर पुढे एक टेम्पो लागला. कुणाचं तरी घरसामान भरलेला, कपाटं दोराने बांधलेली, धापा टाकत चाललेला. समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. अप्पांनी इंडिकेटर लावला. टिकटिक सुरू झाली. गाडी किंचित बाहेर आली. इंजिन तयार होतं, मास्तरला ते पायाखाली जाणवत होतं.

"जागा आहे, अप्पा," तो हळूच म्हणाला. "आता ओढेल. नक्की ओढेल."

"दिसतंय मला," अप्पा म्हणाले.

टिकटिक चालू होती. अप्पांनी आरशात पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मग त्यांनी इंडिकेटर बंद केला आणि गाडी पुन्हा टेम्पोच्या मागे घेतली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "कुठे घाई आहे."

चढ संपेपर्यंत रस्ता मोकळाच राहिला, आणि अप्पा त्या टेम्पोच्या मागेच राहिले.